विश्लेषण : स्टेअरिंग नवे, पेडल नवे, तरी गाडी झाडावर का आदळते? जुन्या आर्केड रेसिंग गेमचे गणित समजून घ्या

सोलापूरहून तुळजापूरकडे येणारी एसटी घाट चढू लागली, की चालकाच्या हातांकडे पाहावे. लांबट वळणावर स्टेअरिंग जेमतेम चार बोटे सरकते. आडव्या वळणावर तेच स्टेअरिंग हातावर हात टाकून भराभर फिरवावे लागते. पायाचेही तसेच. ॲक्सिलरेटर एक तर पूर्ण दाबलेला किंवा पूर्ण सोडलेला, असे कधी नसते. थोडा, अजून थोडा, आता पुरे, असे प्रमाण पाय सतत ठरवत असतो.

आता दुसरे चित्र पाहा. समजा, धाराशिवमधल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने जुने यूएसबी स्टेअरिंग आणि पेडलचा संच विकत आणला. संगणकावर एम्युलेटर टाकून १९८६चा ‘आऊटरन’ सुरू केला. चाक पाव फेरी फिरवले तरी गाडी जागची हलत नाही, आणखी फिरवले की रस्ता सोडून थेट झाडावर. पेडलला पाय न लावताही गाडी धावते. ‘चाक खराब निघाले, पैसे पाण्यात गेले’ असा निष्कर्ष काढून तो नवे, महागडे चाक शोधायला लागतो.

अशा वेळी चाक पूर्णपणे शाबूत असू शकते. बिघडलेला असतो तो चाकाने पाठवलेला आणि गेमने वाचलेला आकडा. हा आकडा नीट बसवायला पैसे लागत नाहीत, दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्यामागचे तंत्र काय, सेटिंग कुठे असते आणि घरच्या घरी चाक बनवता येते का, याचा हा आढावा.

अ‍ॅनालॉग म्हणजे नेमके काय?

घरातल्या दिव्याचे बटण दोनच गोष्टी जाणते : चालू आणि बंद. हे डिजिटल नियंत्रण. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची गोल खुंटी मात्र कुजबुजीपासून खणखणीत आवाजापर्यंत मधली कुठलीही जागा पकडू शकते. हे अ‍ॅनालॉग नियंत्रण.

कीबोर्डवरची बाणाची कळ दिव्याच्या बटणासारखी आहे. ती दाबली किंवा सोडली, एवढेच संगणकाला कळते. ‘डावीकडे थोडेसेच’ हे तिला सांगता येत नाही. स्टेअरिंग आणि पेडल रेडिओच्या खुंटीसारखे आहेत. किंबहुना अनेक स्टेअरिंगच्या पोटात त्या खुंटीचाच भाऊबंद असतो. त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. बाजारात ‘पॉट’ म्हणूनही ओळखतात.

पॉटला तीन पाय असतात. बाहेरच्या दोन पायांना वीज दिली, की मधल्या पायावर येणारा दाब दांडा किती फिरला त्यानुसार बदलतो. समजा ५ व्होल्ट दिले आहेत. दांडा बरोबर मध्ये असेल तर मधल्या पायावर सुमारे अडीच व्होल्ट मिळतात. यंत्रातली चिप या दाबाचे आकड्यात रूपांतर करते. आठ बिटांची चिप असेल तर ० ते २५५ असे २५६ टप्पे मिळतात. चाक सरळ म्हणजे १२८ च्या आसपास, पूर्ण डावीकडे म्हणजे शून्याकडे, पूर्ण उजवीकडे म्हणजे २५५ कडे. गेमला चाक दिसत नाही. त्याला फक्त हा आकडा दिसतो.

‘मुस्तफा’ कीबोर्डवर छान चालतो, मग ‘आऊटरन’ का नाही?

गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये लहानपण गेलेल्यांना ‘मुस्तफा’ आठवत असेल. कॅपकॉम कंपनीच्या १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ या गेमला त्यातल्या एका पात्रावरून आपल्याकडे मिळालेले हे नाव. त्या यंत्राला दांडा आणि बटणे होती. दांड्याखाली चार दिशांना चार स्विच. दांडा ढकलला की स्विच दाबला जायचा, म्हणजे मामला पूर्ण डिजिटल. त्यामुळे आज तो गेम कीबोर्डवर खेळला तरी काही बिघडत नाही. चार स्विचच्या जागी चार कळा येतात, इतकेच.

गाडीच्या गेमचे तसे नाही. तिथे मूळ यंत्रातच चाक आणि पेडल होते आणि प्रोग्राम त्यांच्याकडून येणाऱ्या आकड्यांवर लिहिलेला होता. कीबोर्डवर खेळताना एम्युलेटर एक युक्ती करतो. कळ दाबून धरली, की तो आकडा हळूहळू वाढवत नेतो. सोडली की पुन्हा मध्यावर आणतो. गेम खेळता येतो, पण लांबट वळणावर चार बोटे स्टेअरिंग धरून ठेवायची सोय उरत नाही. कळ सतत टकटक करत बसावे लागते.

मूळ आर्केड यंत्रात काय होते?

अटारी कंपनीने १९७४ मध्ये आणलेल्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ या यंत्राला स्टेअरिंग, गिअरचा दांडा आणि पेडल होते. पुढे नॅमकोचा ‘पोल पोझिशन’ (१९८२), सेगाचा ‘आऊटरन’ (१९८६), अटारी गेम्सचा ‘हार्ड ड्रायव्हिन’ (१९८९) आणि नव्वदच्या दशकात ‘रिज रेसर’, ‘डेटोना यूएसए’ असे गेम आले. ‘आऊटरन’च्या मोठ्या मॉडेलमध्ये गाडीच्या आकाराची अख्खी केबिन वळणावर हलायची. ‘हार्ड ड्रायव्हिन’ला तर क्लच, चार गिअर आणि किल्लीही होती.

या यंत्रांतली चाके प्रामुख्याने दोन जातींची होती आणि सेटिंग करताना हा फरक माहीत असणे महत्त्वाचे.

पहिली जात : ठरावीक अंतर फिरून अडणारे चाक. हे साधारण २७० अंश, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे १३५ अंश फिरते. ‘आऊटरन’, ‘डेटोना’ या जातीतले. यांना ‘आता चाक कुठे आहे’ हे कळते.

दुसरी जात : न अडता गोल गोल फिरत राहणारे चाक. ‘पोल पोझिशन’, ‘सुपर स्प्रिंट’, ‘सुपर ऑफ रोड’ या जातीतले. यांच्यात पॉट नसतो, तर प्रकाशाच्या झोतातून फिरणारी भोके किंवा खाचा असलेली चकती असते. चाक किती सरकले एवढेच त्यांना कळते. मध्य नावाची गोष्टच नसते. अशा गेमला यूएसबी स्टेअरिंग जोडले तर ते विचित्रच वागणार. त्यांच्यासाठी साधा माऊस अधिक चांगला, कारण माऊसही ‘किती सरकलो’ एवढेच सांगतो.

म्हणून पहिला प्रश्न हाच : गेम कोणत्या जातीचा आहे? दुसऱ्या जातीच्या गेमवर चाक तपासून ‘चाक खराब’ म्हणणे हा चाकावर अन्याय आहे.

एम्युलेटर म्हणजे काय? तो कायदेशीर आहे का?

जुन्या यंत्रातल्या चिपांचे काम आजच्या संगणकावर हुबेहूब करून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. आर्केड गेमसाठी सर्वांत परिचित नाव ‘मेम’. निकोला साल्मोरिया यांनी त्याची पहिली आवृत्ती ५ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रसिद्ध केली. २०१६ पासून तो पूर्णपणे मुक्त स्रोत आहे. जुनी यंत्रे नष्ट होण्याआधी त्यांचे काम नोंदवून ठेवणे हा त्याचा घोषित हेतू. गेम खेळता येतो हा त्यातून मिळणारा फायदा. सेगाच्या ‘मॉडेल ३’ या यंत्रावरील ‘डेटोना यूएसए २’ किंवा ‘स्कड रेस’साठी ‘सुपरमॉडेल’ हा वेगळा एम्युलेटर आहे.

एम्युलेटर वापरणे बेकायदा नाही. प्रश्न येतो गेमच्या फाइलचा, ज्याला ‘रॉम’ म्हणतात. भारतात संगणक प्रोग्रामला कॉपीराइट कायदा, १९५७ खाली संरक्षण आहे. गेम चाळीस वर्षे जुना झाला म्हणून तो मोकळा होत नाही. कुठल्याही संकेतस्थळावरून रॉम उतरवणे किंवा मित्रांना वाटणे हा हक्कभंग ठरू शकतो. काही हक्कधारकांनी मात्र आपले जुने गेम बिगरव्यापारी वापरासाठी खुले केले आहेत आणि ते ‘मेम’च्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. एक्सिडी कंपनीचा १९७७चा ‘कार पोलो’ त्यातलाच.

‘मेम’ने प्रोग्राम जपला, पण लोखंडी केबिन, चाक आणि पेडल त्याला जपता येत नाहीत. तो भाग खेळणाऱ्याच्या हातात आहे. आकडे चुकले, तर चाळीस वर्षांपूर्वीचा उत्तम गेम आज ‘भिकार’ वाटतो आणि कायमचा बंद केला जातो.

९०० अंशांचे चाक आणि २७० अंशांचा गेम

आता मुख्य गोंधळाकडे. आजची चांगली चाके खऱ्या मोटारीसारखी फिरतात. लॉजिटेकचे जी२९ हे प्रचलित चाक ९०० अंश, म्हणजे अडीच फेऱ्या फिरते. मध्यापासून एका बाजूला ४५० अंश. आर्केडचे चाक मात्र एका बाजूला १३५ अंशच फिरायचे.

हिशेब करून पाहा. आर्केडच्या सवयीने चाक १३५ अंश फिरवले. मूळ यंत्रात गाडी पूर्ण वळली असती. पण ९०० अंशांच्या चाकाच्या दृष्टीने हे ४५० पैकी १३५, म्हणजे फक्त ३० टक्के वळण. गेमला ३० टक्क्यांचा आकडा जातो आणि गाडी वळणाबाहेर जाते.

उपाय सोपा आहे. चाकासोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याची मर्यादा बदलता येते. ती ९०० वरून २७० वर आणा. आधी हे करा आणि मगच एम्युलेटरला हात लावा. स्वस्त चाके मुळातच १८० किंवा २७० अंश फिरतात. जुन्या आर्केड गेमसाठी तो दोष नाही, उलट सोयच आहे.

डेडझोन : न दिसणारा खड्डा

गेमपॅडवरची अंगठ्याची छोटी दांडी सोडली, की ती अगदी मध्यावर येतेच असे नाही. थोडी इकडेतिकडे राहते. त्यामुळे गाडी आपोआप एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून एम्युलेटर मध्याच्या आसपासचा काही भाग ‘काहीच हालचाल नाही’ असा धरतो. याला डेडझोन म्हणतात. गेमपॅडसाठी हे योग्य, चाकासाठी घातक.

‘मेम’च्या जुन्या आवृत्त्यांत हे मूल्य मुळातच ०.३ असायचे, अलीकडच्या आवृत्त्यांत ते ०.१५ आहे. ९०० अंशांच्या चाकावर ०.३ म्हणजे ४५० पैकी १३५ अंश. म्हणजे मूळ यंत्रात गाडी पूर्ण वळली असती इतके चाक फिरवूनही इथे गेमला काहीच कळत नाही! ०.१५ ठेवले तरी सुमारे ६७ अंश वाया. चाक २७० वर आणले आणि डेडझोन ०.१५ राहिला, तरी दोन्ही बाजूंना वीस-वीस अंशांचा खड्डा उरतो. घाटातल्या लांबट वळणावरची ती ‘चार बोटे’ नेमकी या खड्ड्यात जातात.

दुसऱ्या टोकाला ‘सॅच्युरेशन’ नावाचे मूल्य असते. ते ०.८५ असेल, तर चाक ८५ टक्के फिरले की गेम त्याला पूर्ण वळण समजतो. उरलेल्या १५ टक्क्यांना अर्थ राहत नाही.

चाकासाठी डेडझोन ० आणि सॅच्युरेशन १ ठेवावे. ‘मेम’च्या फोल्डरमधील ‘मेम डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये जॉयस्टिक या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत ही दोन मूल्ये सापडतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बदला आणि जतन करा. चाक जुने असेल आणि हात सोडल्यावर गाडी किंचित ओढत असेल, तर डेडझोन ०.०२ किंवा ०.०३ पर्यंत वाढवा, त्याहून जास्त नको.

पेडल आपोआप का दाबले जाते?

संगणकाच्या दृष्टीने चाकाची हालचाल ‘उणे’पासून ‘अधिक’पर्यंत जाते आणि शून्य मध्ये असते. चाकासाठी ते बरोबर आहे. पण अनेक पेडलही तसाच अक्ष वापरतात. पाय उचललेला म्हणजे एक टोक, पूर्ण दाबलेला म्हणजे दुसरे टोक आणि शून्य मध्येच कुठे तरी, अर्ध्या दाबावर. यातून चार घोळ होतात.

एक : एम्युलेटरने अक्षाचा अर्धाच भाग धरला, तर पेडल अर्धे दाबेपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम वेग येतो.

दोन : दिशा उलटी धरली गेली, तर पाय उचलल्यावर गाडी पळते आणि दाबल्यावर थांबते.

तीन : काही चाके दोन्ही पेडलचा मिळून एकच अक्ष पाठवतात. ॲक्सिलरेटर एका दिशेला, ब्रेक दुसऱ्या दिशेला. दोन्ही एकदम दाबले तर ते एकमेकांना खोडतात. चाकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कम्बाइन्ड पेडल्स’ असा पर्याय असतो, तो बंद करावा.

चार : काही संच सुरू झाल्यावर पेडल हलेपर्यंत त्याची खरी जागा सांगत नाहीत. तोवर संगणक ते अर्धे दाबलेले समजतो. म्हणून गेम सुरू करण्याआधी प्रत्येक पेडल एकदा पूर्ण दाबून सोडण्याची सवय लावावी.

सेटिंग कसे कराल? टप्प्याटप्प्याने

१. आधी एम्युलेटर बंद ठेवून विंडोजमधील ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ ही खिडकी उघडा. चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खूण सरळ सरकते का, मध्येच उड्या मारते का, ते पाहा. पेडलचेही तसेच. इथे खूण नीट सरकली, तर चाक चांगले आहे. दोष पुढे कुठे तरी आहे.

२. चाकाच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा २७० अंश करा आणि पेडलचे अक्ष वेगळे करा.

३. डेडझोन ० आणि सॅच्युरेशन १ करा.

४. ‘मेम’मध्ये गेम सुरू करून टॅब कळ दाबा. इनपुटच्या यादीतून फक्त चालू गेमसाठीचा पर्याय निवडा. सर्व गेमसाठीचा पर्याय निवडला, तर बाकीच्या गेमची घडी विस्कटते.

५. इथे एका मात्रेचा सापळा आहे. ‘मेम’च्या भाषेत ‘पॅडल’ म्हणजे अडणारे स्टेअरिंग आणि ‘पेडल’ म्हणजे पायाखालचे. न अडणाऱ्या चाकाला ‘डायल’ म्हणतात. ‘अ‍ॅनालॉग’ असा शब्द असलेली ओळ निवडा, एंटर दाबा आणि चाक एका बाजूला पूर्ण फिरवा. त्याच नावापुढे ‘इन्क’ आणि ‘डेक’ असलेल्या ओळी कीबोर्डसाठी असतात. चाक चुकून तिथे बसवले, तर ते पुन्हा बटणासारखे वागू लागते.

६. पेडल बसवताना पूर्ण अक्ष घेतला की अर्धा, ते नावापुढच्या खुणेवरून तपासा. चूक असेल तर तीच ओळ पुन्हा निवडून पेडल पुन्हा दाबा.

७. मग अ‍ॅनालॉग सेटिंगच्या पानावर जा. ‘सेन्सिटिव्हिटी’ १०० टक्के ठेवून सुरुवात करा. ती ५० असेल, तर चाक पूर्ण फिरवूनही गाडी अर्धीच वळेल. २०० असेल, तर अर्ध्या फेरीतच वळण संपेल. दिशा उलटी असल्यास ‘रिव्हर्स’ हा पर्याय तिथेच आहे. कळ दाबून धरल्यावर आकडा किती वेगाने वाढावा आणि सोडल्यावर मध्यावर परत यावा, हे ठरवणारे वेग कीबोर्डसाठी असतात; चाक असताना त्यांच्यात वेळ घालवू नका.

एका वेळी एकच मूल्य बदला आणि तोच रस्ता पुन्हा चालवून पाहा. चार मूल्ये एकदम बदलली, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

सगळे बरोबर, तरी गाडी एका बाजूला ओढते?

खऱ्या पार्लरमध्येही चाक बदलले की तंत्रज्ञ यंत्राच्या चाचणी मेनूत जाऊन नव्या चाकाची टोके आणि मध्य नोंदवायचा. नव्वदच्या दशकातील अनेक गेममध्ये हा मेनू आहे आणि एम्युलेटरमध्येही तो चालतो. ‘मेम’मध्ये त्यासाठी सहसा एफ२ ही कळ असते. तिथे चाक डावीकडे, उजवीकडे, मध्यावर, मग प्रत्येक पेडल असे क्रमाने नोंदवायचे असते. एम्युलेटरमधले सेटिंग कितीही अचूक असले, तरी गेमच्या स्वतःच्या स्मृतीत जुना मध्य राहिला असेल तर गाडी ओढतच राहते.

क्रम मात्र पाळावा : आधी चाकाचे सॉफ्टवेअर, मग एम्युलेटर, शेवटी गेमचा मेनू. उलट्या क्रमाने गेल्यास प्रत्येक वेळी पुन्हा नोंद करावी लागते.

चाक घेणे परवडत नसेल तर?

गेमपॅड हा मधला मार्ग आहे. त्याची अंगठ्याची दांडी अ‍ॅनालॉग असते. एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडला पुढच्या बाजूला बोटांनी दाबायचे दोन ट्रिगर असतात, तेही अ‍ॅनालॉग. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक. अडचण अशी, की विंडोजच्या डायरेक्टइनपुट या जुन्या पद्धतीने वाचल्यास हे दोन्ही ट्रिगर मिळून एकच अक्ष दिसतो आणि वर सांगितलेला तिसरा घोळ उद्‍भवतो. एक्सइनपुट ही पद्धत निवडली, की ते वेगळे होतात. गेमपॅड वापरताना डेडझोन शून्य करू नये, ०.१ च्या आसपास ठेवून पाहावा.

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी : अँड्रॉइडवर ‘मेम’ची रूपांतरे आहेत आणि ओटीजी केबलने गेमपॅड जोडता येतो. चाकांच्या बाबतीत मात्र प्रत्येक फोन आणि चाकाची जोडी जमेलच असे नाही. त्यामुळे केवळ फोनसाठी चाक विकत घेऊ नये. मित्राचे चाक जोडून आधी पाहावे.

घरी बनवता येईल का?

येते, आणि आयटीआय किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हा चांगला प्रकल्प आहे. अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा बोर्ड, १० किलोओहमचे तीन पॉट आणि थोडे प्लायवूड लागते. बोर्ड घेताना ३२यू४ ही चिप असलेलाच घ्यावा. तो संगणकाला थेट गेम कंट्रोलर म्हणून ओळख देतो. नेहमीचा उनो बोर्ड तशी ओळख सरळ देत नाही. या चिपला दाबाचे ० ते १०२३ असे टप्पे वाचता येतात, म्हणजे जुन्या आठ बिटांच्या यंत्रापेक्षा चौपट बारीक. सुटे भाग पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात; ऑनलाइनही मागवता येतात.

काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- पॉटवर ‘बी१०के’ असे छापलेले पाहावे. ‘ए’ अक्षराचे पॉट आवाजासाठी असतात. त्यांचा आकडा समान प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते.

- पॉटचा दांडा सुमारे २७० ते ३०० अंशच फिरतो. त्यापुढे जोर लावला तर तो आतून तुटतो. म्हणून चाकाला लाकडी अडसर असा लावावा, की पॉट अडण्याआधी चाक अडेल.

- चाक सरळ असताना पॉट बरोबर मध्यावर बसवावा.

- पेडल फार तर तीस-चाळीस अंश हलते, त्यामुळे पॉटचा छोटा भागच वापरला जातो. हलवून पाहून मिळणारा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा प्रोग्राममध्ये नोंदवावा आणि तेवढाच भाग पूर्ण पल्ला समजावा.

- शिलाई मशीनच्या मोटारीचे पेडल दिसायला आयते वाटते, पण ते २३० व्होल्टच्या विजेसाठी बनलेले असते. ते या कामात वापरू नये.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात धूळ हा या सगळ्याचा वैरी. पॉटच्या आत धूळ गेली किंवा पट्टी झिजली, की जुन्या रेडिओची खुंटी फिरवताना होते तशी खरखर चाकातही होते. फरक इतकाच, की इथे ती ऐकू येत नाही, गाडी थरथरताना दिसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडा वीस-पंचवीस वेळा फिरवावा. तरी खूण उड्या मारत राहिली, तर पॉट बदलावा. चाक बदलायची गरज नाही.

यातून खरी गाडी शिकता येते का?

नाही. ‘आऊटरन’मध्ये गाडी उलटली तरी पुढच्या क्षणी पुन्हा रस्त्यावर उभी राहते. एमएच-२५ पाटीच्या गाडीचे तसे नाही. चारचाकीच्या परवान्यासाठी वयाची अट १८ वर्षांची आहे. केंद्र सरकारने २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची जी योजना लागू केली, तिच्यात सिम्युलेटर आवश्यक आहे. पण हलक्या वाहनाचा तिथला अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा आहे. त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे आणि ८ तास वर्गातले. सिम्युलेटर हा त्यातला एक भाग, प्रत्यक्ष गाडीला पर्याय नव्हे.

थोडक्यात, नवे चाक घेण्याआधी ही चाचणी करा

सरळ रस्त्यावर हात सोडा : गाडी सरळ जाते का? चाक दोन बोटे हलवा : गाडी किंचित तरी हलते का? चाक पूर्ण फिरवा : वळण टोकाशीच पूर्ण होते का? पेडल अर्धे दाबा : वेग निम्म्याच्या आसपास स्थिरावतो का? पाय उचला : वेग कमी होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर गेमचा चाचणी मेनू पाहा. दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर डेडझोन. तिसऱ्याचे असेल, तर अंशांची मर्यादा आणि सेन्सिटिव्हिटी. चौथ्या-पाचव्याचे असेल, तर पेडलचा अक्ष. पाचही उत्तरे ‘हो’ आली आणि तरीही गाडी झाडावर आदळली, तर दोष चाकाचा नाही. तिथे सरावच करायला हवा.